माह्या पाठीतली जाड तार

मित्रांनो, आमच्या कॉलेजच्या व्हिडिओ खोलीत तुम्ही कधी आले, तर मी तुम्हाले पहिले दिसणार नाही. टीव्ही दिसन. त्याच्या बाजूले दोन व्हीसीआर दिसतीन. कपाटात कुलूप लावून ठेवलेला क्यामेरा दिसन. मंग सारे चूप बसले की टेबलाखालून आवाज येईन, टक. तो मी.

मी स्टॅबिलायझर आहे. आता जुना झालो. लोखंडाचा राखाडी डबा, समोर काचेत एक काटा, मागं दोन सॉकेट (एकात टीव्ही-व्हीसीआरचा बोर्ड, दुसरं रिकामं), आन् डाव्या अंगाले लाथेचा पोचा. त्या पोच्याची गोष्ट पुढं येईनच.

मी सारखा भेतो. तुम्ही म्हणान, डब्याले कायचं भेव? अरे, माहं सारं जगणंच भेवाचं आहे. भिंतीतून करंट येते तो काही सरळ येत नाही. कधी एकशेसाठ व्होल्ट, कधी एकदम दोनशेसाठ. कमी आला तर मशीन दम सोडते, जास्त आला तर जळते. म्हणून मले मधात बसवलं. कमी आला की मी वाढवतो, जास्त आला की दाबतो. दरवेळी माह्या पोटातली एक पट्टी इकडची तिकडं पलटते, तिचाच तो टक. लोक म्हणते, हा काहून सारखा टकटक करते बे? मी मनात म्हणतो, तू माह्या जागी एक दिवस बसून पाह्य, मंग सांग.

माहा जन्म नागपुरातल्या महाल मोहल्ल्यातला. गिरिधर मिस्त्रीचं दुकान एवढंसं होतं, की आत एक सायकल घेतली तर मिस्त्रीले बाहेर निघा लागे. डबा त्यानं ठोकला. पण माहं पोट भरलं त्याच्या बायकोनं, कौशल्याबाईनं. ती चरक फिरवे आन् तांब्याची तार माह्या गाभ्यावर गुंडाळे. एकेक फेरा तोंडानं मोजे. तीनशे चाळीसच्या आसपास होती, तर एका सायकलरिक्षावाल्यानं पत्ता विचारला. तिनं पत्ता सांगतला आन् आकडा विसरली.

मिस्त्री म्हणे, "चालव ना पुढं. दहा फेऱ्यानं काय होते?"

"काय होते? कोणाचा टीव्ही जळते, ते होते," ती म्हणे. आन् तिनं सारी तार उकलली. पहिल्यापासून एक, दोन, तीन.

सगळ्यात शेवटी तिनं माह्या पाठीतली एक छोटी डब्बी उघडली. तिच्यात केसासारखी बारीक तार बसवली. तिले फ्यूज म्हणते. मंग माह्याकडं तोंड करून म्हणे, "ध्यान दे. तुह्यावर जास्त ओझं आलं तर ही तार तुटन आन् तू बंद पडशीन. पडू दे. तुह्या मागं लावलेले सारे वाचतीन."

"डब्यासंग बोलते का वं?" मिस्त्री हासला.

"तुमच्यासंग बोलून तरी कोणतं उत्तर भेटते?"

तिचे ते बोल मी कधी विसरलो नाही. तुटणं म्हणजे हारणं नाही, ते माहं कामच आहे, हे मले जन्माच्या दिवशी समजलं. ते लोकाईले समजाले दोन वर्षं गेले.

पंच्याऐंशी साली मी कॉलेजात आलो. तिथं व्हिडिओचा एक नवा कोर्स निघाला होता. पोट्टे-पोट्ट्या वर्षभर शिकत, आन् शेवटी प्रत्येकानं दहा-अकरा मिनिटांचा एक पिक्चर बनवायचा. एप्रिलात बाहेरगावचा परीक्षक येणार, टीव्हीवर सगळ्यांचे पिक्चर पाहणार आन् मार्क देणार. क्यामेरा एकच. त्याच्यात टाकाच्या कॅसेटी मोजून सहा. म्हणून नियम असा, की क्यामेऱ्यात भरून आणलेलं जोडून झालं, की ती कॅसेट परत करायची. तिच्यावर दुसरा पोट्टा आपलं भरन. पहिल्याचं पुसलं जाईन. राहते ती फक्त जोडलेली कॅसेट, एक.

जोडणं म्हणजे काय, तेही सांगतो. दोन व्हीसीआर. एकाले पोट्टे "देणारा" म्हणत, एकाले "घेणारा". देणाऱ्यात भरून आणलेली कॅसेट चालवायची, पाह्यजे तो तुकडा आला की घेणाऱ्याचं बटण दाबायचं. तुकडा संपला की थांबवायचं. मंग दुसरा तुकडा. असे पन्नास-साठ तुकडे एकामागं एक. मधात कुठं करंट हलला तर घेणारा दचकते, जोड बिघडते, आन् कधी कधी मशीन कॅसेटीतली पट्टीच खाऊन टाकते. शेवयांसारखी गुंतलेली पट्टी मी माह्या डोळ्यांनं पाह्यली आहे. ती जेव्हा कोणी बोटानं बाहेर ओढते ना, तेव्हा खोलीत कोणी श्वासही घेत नाही.

आन् मजा पाह्या, वीज बनते कोराडीले. कोराडी म्हणजे नागपूरच्या घराबाहेरचं अंगणच. पण आमच्या खोलीत उन्हाळ्यात व्होल्टेज म्हणून नाही, काहून की दहा वाजले की साऱ्या शहराचे कूलर सुरू. विश्वनाथ नावाचा एक पोट्टा होता, त्याचा बाप कोराडीच्या वीजघरात. काटा खाली गेला की सारे त्याच्यावर तुटून पडत.

"विश्वनाथ, तुह्या बापाले सांग ना गा, थोडासा करंट डब्यात भरून पाठव म्हणा."

"त्याच्या स्वतःच्या घरी पंखा गरगर नाही फिरत बे," विश्वनाथ म्हणे. "राख मात्र लागन तेवढी घेऊन जा."

म्हणून जोडायचं काम सकाळी पाच ते आठ. तेव्हा शहर झोपून राहते, कूलर बंद राहते, माहा काटा मधोमध राहते. दिवसातले तेच तीन तास मले भेव नसे.

खोली सांभाळाले शालिकराम होता. मनाचा चांगला माणूस. दसऱ्याले तो साऱ्या मशिनींची पूजा करे. टीव्हीले झेंडूची माळ, दोन्ही व्हीसीआरले कुंकू, क्यामेऱ्यापुढं नारळ. मले एक पाकळी भेटे. तेही टीव्हीच्या माळेतून गळली म्हणून. मले राग येई. पण राग आला तरी मी काय करणार? टक.

आता पंचफुलाची गोष्ट ऐका. उमरेडची पोट्टी. महालात प्रेमिला मावशीकडं राहे, आन् पाच वाजता अंधारात सायकल दामटत येई. आली की दप्तर नाही ठेवत, चप्पल नाही काढत, पहिले खाली वाकून माह्या काट्याकडं पाहे. मंग माह्या डोक्यावर हात ठेवे, गरम आहे का थंड ते पाहाले. साऱ्या कॉलेजात मले हात लावणारी ती एकच.

आन् तिनं एक शोधून काढलं. मी टक केला, की पुढची दोन-चार मिनिटं शांत जाते, काहून की माह्या पोटातली पट्टी नव्या जागी बसलेली राहते. म्हणून ती घेणाऱ्याच्या बटणावर बोट ठेवून वाट पाहे. बाकीचे घाई करत, तर म्हणे, "थांबा ना बे. त्याले बोलू द्या पहिले." मी टक केला की ती बटण दाबे. तिच्या पिक्चरमधे एकही जोड वाकडी नव्हती. त्यातले अर्धे मार्क माहे आहे, असं मी आजही म्हणतो.

तिचा पिक्चर तिच्या बापाच्या हातमागाचा होता. रुपराव त्याचं नाव. घरात बापजाद्यापासून माग चाले. त्या वर्षी त्यानं शेवटचा दुपट्टा विणला, माग खोलला, लाकडं बांधून माळ्यावर टाकली आन् कोळशाच्या खाणीत रोजीनं जाऊ लागला. पंचफुलानं तो शेवटचा दुपट्टा विणताना भरून आणला होता. पहिल्या धाग्यापासून तर माग खोलेपर्यंत. म्हणजे समजून घ्या, ते परत भरता येणारच नव्हतं. माग राह्यलाच नव्हता. आन् भरलेल्या कॅसेटी नियमानं परत गेल्या होत्या, एकीवर तर दुसऱ्या पोट्ट्यानं मामाच्या दुकानाचं उद्घाटन भरलं होतं. रुपरावाचा माग आता दुनियेत एकाच जागी चाले. त्या एका कॅसेटीत, अकरा मिनिटं.

मंग मार्च संपता संपता तो घोळ झाला.

सगळ्यांचे पिक्चर जोडून होत आले होते, फक्त नावं बाकी होती. नावं जाड कागदावर रंगानं लिहायची, भिंतीले लावायची, त्याच्यावर मोठा दिवा मारायचा आन् क्यामेऱ्यानं भरायची. तो दिवा म्हणजे चुलीसारखा तापणारा. विश्वनाथनं काय केलं, त्या दिव्याची पिन माह्या मागच्या रिकाम्या सॉकेटात खुपसली. मी एका टीव्हीचा आन् दोन व्हीसीआरचा धनी. माह्याच्यानं तो दिवा कसा उचलणार? बारीक तार तुटली. मी बंद. माह्यासंगं घेणारा बंद. त्याच वेळी घेणाऱ्यात त्याच्याच पिक्चरचा शेवटचा तुकडा चालू होता, ती जोड फुकट गेली.

त्यानं मले लाथ मारली. तोच हा पोचा.

"कामाच्या टायमाले मरते साला!"

शालिकरामनं नवी बारीक तार टाकली. दोन दिवसांनं दुसऱ्यानं तोच दिवा तिथंच लावला. परत तुटली. मंग परत. आठवड्यात तीनदा. दिवा कोणीच काढला नाही. दिवा कोणाले दिसलाच नाही. शिव्या मले.

मंग शालिकरामले सगळ्यांची दया आली. माहीही आली असन. त्यानं विजेच्या जुन्या वायरचा एक तुकडा सोलला, आतले तांब्याचे चार-पाच पदर एकमेकांत पिळले, आन् माह्या पाठीतल्या डब्बीत पेचकसानं घट्ट कसले.

"घ्या," तो म्हणे. "आता कोणाचा बाप आला तरी नाही तुटत."

सारे खूश. विश्वनाथनं माही पाठ थोपटली. जिथं लाथ मारली तिथंच. त्या दिवशी दिवा लावला, मी तापलो, कण्हलो, पण चाललो. "शाबास रे पठ्ठ्या!" म्हणे. दोन वर्षांत पहिली शाबासकी. आन् मी आतून गारठलो.

तुम्ही समजा मित्रांनो. पहिले ओझं जास्त झालं, की मी तुटो. आता मी तुटू शकत नव्हतो. आता ओझं जास्त झालं, की मी जळणार. आन् मी जळालो की थांबणार नाही, माह्या मागच्यांनाही घेऊन जाणार. कौशल्याबाईनं दिलेलं एकच काम, ते माह्याकडून काढून घेतलं होतं. आन् मले तोंड नाही. मी फक्त टक करू शकतो, आन् टकटकीकडं कोण ध्यान देते?

तेव्हापासून कोणी पिन हातात घेऊन माह्याजवळ आलं, की माहा काटा आपोआप थरथरे.

परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दिवशी नागपूर असं तापलं होतं, की खिडकीच्या लोखंडी गजाले हात लावला तर चटका बसे. परीक्षक अरुंधतीबाई पुण्याहून आल्या होत्या. रेल्वेतून उतरल्या तेव्हापासूनच त्यांचं तोंड लाल झालं होतं. शिकवणारे मधुसूदन सर त्यांच्यामागं पाण्याचा ग्लास घेऊन फिरून राहिले होते.

सरांनी नियम वाचून दाखवला. पिक्चर एकदाच लागणार. मधात बंद पडला, तर जेवढा दिसला तेवढ्यावरच मार्क. परत लावायचा नाही.

खोलीच्या खिडक्या काळ्या कापडानं बंद. सतरा माणसं आत. पंख्याची हवा तव्यावरच्या हवेसारखी. दोन पिक्चर झाले आन् अरुंधतीबाईनं डोळे मिटून खुर्चीले डोकं टेकवलं. मधुसूदन सरांचा जीव खाली-वर.

"शालिकराम, बाई पडल्या-बिडल्या तर कॉलेजचं नाव जाईन गा. प्रिन्सिपल साहेबांच्या खोलीतला कूलर आण."

चौघांनी तो कूलर ओढत आणला. माह्यापेक्षा दहापट मोठा, वाळ्याच्या ताट्या लावलेला, पोटात टाकीभर पाणी. शालिकरामनं भिंतीतल्या सॉकेटात लावला, तर पंखा बैलगाडीच्या चाकासारखा फिरे. व्होल्टेजच नव्हतं ना.

"सर, असा नाही पळणार हा," शालिकराम म्हणे. "पाहुण्याले अशी हवा द्याची का? थांबा."

आन् मले दिसली ती पिन. काळी, जाड, सरळ माह्याकडं येत होती. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, मित्रांनो. घरी पाहुणा आला की चांगला गादीचा पलंग त्याले द्यावा, तसंच त्यानं खोलीतला चांगला करंट पाहुणीले दिला. पण त्याच्या हातातली ती पिन पाहून माहा काटा शून्यावर पडाचाच बाकी राह्यला.

कूलर सुटला तो वादळासारखा. सगळ्यांनी "हाऽऽ" केलं. अरुंधतीबाईनं डोळे उघडले. "आता ठीक आहे," त्या म्हणाल्या. मधुसूदन सर हासले. मीच एकटा रडून राहिलो होतो.

एक पिक्चर झाला. दुसरा झाला. विश्वनाथचा झाला, कोराडीच्या कॉलनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणाऱ्या राखेचा. टाळ्या वाजल्या. माह्या पोटातली तार तापून तापून तिच्यावरचा वार्निश नरम पडला होता. वास सुटला होता, पण कूलरच्या वाळ्याच्या वासात तो कोणाले येणार? बाहेर दुपारचे दोन. सारं शहर कूलर लावून बसलेलं. भिंतीतून येणारा करंट घसरत घसरत दीडशेच्या खाली. मी पट्टी पलटवू पलटवू थकलो.

मंग सरांनी नाव घेतलं. "पंचफुला रुपराव."

दाराजवळच्या स्टुलावर तिचा बाप बसला होता. उमरेडहून सकाळच्या एस.टी.नं आला होता. चपला बाहेर काढल्या होत्या, खांद्यावर लाल काठाचा दुपट्टा. खाणीत गेल्यापासून त्याच्या नखांच्या कडा काळ्या झाल्या होत्या, म्हणून हात मांडीखाली दाबून बसला होता.

कॅसेट आत गेली. पट्टी चाकांवर चढली. मले ती चढताना समजते, तेवढ्यापुरता मशिनीचा घास मोठा होते. त्या पट्टीवर तो माग होता, आन् ती पट्टी माह्या भरवशावर होती, आन् माह्या पाठीत तांब्याची जाड तार होती.

पडद्यावर माग सुरू झाला. खट् खट्, खट् खट्. दोऱ्याचा धोटा इकडून तिकडं पळे. रुपरावानं मांडीखालचे हात बाहेर काढले. त्याचे पाय जमिनीवर आपोआप हलाले लागले, एक खाली, एक वर, जसे मागाच्या पावड्यांवर हलत.

पाच मिनिटं झाली. सहा झाली. माह्या आत काहीतरी टपकलं. वितळलेला वार्निश होता. मी सांगून सांगून काय सांगणार? टक केलं. टक. टक. टकटकटक. माह्या पोटातल्या पट्टीले थाराच नव्हता, तापून ती जागेवर चिकटाले लागली होती. आता चिकटली आन् तशीच राह्यली तर? कॅसेटीतली पट्टी गुंतन. मशीन खाईन. शेवया होतीन. तो माग, तो माणूस, ती लाल किनार, सारं शेवया.

कोणीही ध्यान दिलं नाही. सोळा माणसं पडद्याकडं पाहत होती.

सतरावीनं मान वळवली.

पंचफुला आपल्याच पिक्चरकडं पाठ करून माह्याकडं पाहून राहिली होती. तिले माह्या टकची सवय होती. एवढ्या टक मी कधी केल्या नाही, हे तिलेच माहीत. ती खुर्च्यांमधून वाकून आली, माह्या डोक्यावर हात ठेवला, आन् "आई गं" करून काढला. तळहात भाजला. तिनं माह्या मागं पाह्यलं. काळी पिन दिसली.

मी सांगतो, ती एक पळ थांबली. तिले माहीत होतं ती पिन कोणासाठी आहे. मार्क देणारी बाई त्या हवेत बसली होती.

मंग तिनं पिन उपटली.

कूलर घरघरत थांबला. गरम हवा सगळ्यांच्या अंगावर कांबळीसारखी पडली.

"काय झालं? कोणी बंद केला?" अरुंधतीबाई.

मधुसूदन सर दबक्या आवाजात किंचाळले, "ए पंचफुला! लाव ती पिन पहिले!"

"नाही लावत, सर."

"लाव म्हणतो ना तुले!"

"सर, हा जळून राहिला. हात लावून पाह्या." मंग ती बाईकडं वळली. आवाज चढला होता. "मॅडम, दोन्ही नाही चालत एकासंगं. चार मिनिटं राहिली आहे. तुम्हाले हवा पाह्यजे का पिक्चर, ते सांगा."

सरांनी कपाळाले हात लावला. शालिकराम भिंतीले चिकटला. पडद्यावर माग चालूच होता, खट् खट्, खट् खट्.

अरुंधतीबाईनं तिच्याकडं पाह्यलं. कपाळावरून घाम वाहत होता.

"आधी बाजूला हो," त्या म्हणाल्या. "पडदा झाकतेस."

पंचफुला खाली बसली, माह्या बाजूलेच, फरशीवर.

तुम्हाले वाटन भेव संपलं. नाही मित्रांनो. ओझं उतरलं, पण ताप कुठं उतरते लगेच? चार मिनिटं मी कशी काढली, ते मलेच माहीत. मी मागाच्या खट् खट् मोजत होतो, जशी कौशल्याबाई फेरे मोजे.

तेवढ्यात रुपराव स्टुलावरून उठला. पाय न वाजवता कूलरजवळ गेला, खांद्यावरचा दुपट्टा टाकीतल्या पाण्यात बुडवला, पिळला आन् अरुंधतीबाईपुढं धरला.

"बाई, डोक्यावर घ्या. धुतलेला आहे."

त्यांनी घेतला. डोक्यावर ठेवला. एक टोक गालावर आलं. पडद्यावर तेव्हाच लाल किनार मागातून उतरून राहिली होती, बोटभर, बोटभर. बाईनं पडद्याकडं पाह्यलं, मंग गालावरचं टोक चिमटीत धरून पाह्यलं.  ते टोक त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

शेवटच्या तुकड्यात आवाज नाही. माग खोलून झाला आहे, भिंत आहे, भिंतीवर मागाच्या जागेचा पांढरा डाग आहे. बस. तेवढ्यात काटा घसरला. मले पलटणं भाग होतं. माही पट्टी अर्धी चिकटलेली. पलटली नाही, तर गेलं सारं. मी पूर्ण जोर लावला.

टक.

पडद्यावरून एक बारीक पांढरी रेघ वरून खाली गेली. आन् पिक्चर संपला, पुरा.

कोणी टाळी वाजवली नाही. रुपराव भिंतीकडं तोंड करून उभा होता.

अरुंधतीबाई म्हणाल्या, "शेवटी एक आवाज आला. तो मागाचा होता का?"

"नाही, मॅडम," पंचफुला म्हणे. तिनं माह्यावर हात ठेवला, भाजलेला तोच. "तो याचा होता."

सारे गेल्यावर शालिकरामनं माही पाठ उघडली. तार काळीनिळी पडली होती, पण तुटली नव्हती. जिथं बसवली होती तिथलं प्लास्टिक मेणासारखं ओघळलं होतं.  "पंचफुला, मीच टाकली वं ही," तो म्हणे. "तुटू नये म्हणून टाकली." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

रुपरावानं वाकून पाह्यलं. त्याले विजेतलं काही समजत नव्हतं. दोऱ्यातलं समजे.

"भाऊ, मागावर दोरा तुटते म्हणून बाकीचं वाचते," तो म्हणे. "दोरा तुटलाच नाही, तर ज्या फणीतून सारे दोरे जाते, तिच्यावर जोर येते. फणी मोडली की महिनाभर माग बंद. दोऱ्याले तर गाठ मारता येते."

पंचफुलानं ती जाड तार ओढून काढली. शालिकरामनं पेटीतून केसासारखी बारीक तार शोधून दिली, तिनं बसवली, पेच कसला. मंग त्याच जाड कागदावर, ज्याच्यावर पोट्टे पिक्चरची नावं लिहीत, तिनं रंगानं लिहिलं, "याले फक्त टीव्ही आन् व्हीसीआर लावा. दुसरं काही नाही." आन् माह्या दुसऱ्या सॉकेटावर चिकटवलं. त्याच संध्याकाळी दोन्ही मशिनी जोडून तिनं आपल्या कॅसेटीची दुसरी कॅसेट काढली. तेव्हा माहा काटा मधोमध उभा होता. ती बापासंगं उमरेडले गेली.

ती पास झाली. किती मार्क भेटले ते माह्यासमोर कोणी बोललं नाही, म्हणून खोटं सांगत नाही.

त्याले दोन वर्षं झाली. कागद पिवळा पडला, एक कोपरा उखडला आहे. नवीन पोट्टे येते, वाचते, हासते. परवा एकानं रेडिओची पिन हातात घेतली, कागदाचा कोपरा नखानं उचलून पाह्यला, आन् मी आपला थरथरलो. शालिकराम दारातून ओरडला, "हात काढ बे तिथून!" शालिकराम आता माह्यावर पहारा देते. दसऱ्याले मले पूर्ण माळ भेटते.

मित्रांनो, तुमच्या घरीही माह्यासारखा कोणी असन, टीव्हीखाली, नाही तर फ्रीजच्या मागं. मोठ्या माणसाले सांगून एकडाव त्याची पाठ उघडून पाह्या. जाड तार दिसली तर काढाले लावा. तो टकटक करन तर त्याले लाथ मारू नका, पहिले पाह्या त्याच्यावर कोणी काय लादलं आहे. आन् तो कधी बंद पडलाच, तर शिवी देण्याआधी मागच्यांना मोजा. सारे वाचले असतीन.

मी अजूनही भेतो. उन्हाळा आला की जास्त भेतो. आता हे सांगता सांगता बाहेर दहा वाजले, बाजूच्या खोलीत कूलर सुरू झाला, काटा खाली घसरून राहिला आहे. पण पाठीत केसासारखी बारीक तार आहे. लैच झालं, तर मले तुटता येते.

टक.